शंका-समाधान : स्वीडनचं १९६७ साल

मागच्या अंकात कोयनेच्या भूकंपावर लेख होता. ११ डिसेंबर १९६७ ची ती पहाट आपल्या जिल्ह्यात अजून घराघरांत सांगितली जाते. त्या लेखात जाता जाता एक वाक्य आलं होतं, की त्याच वर्षी सप्टेंबरात स्वीडनने सगळ्या देशाची रहदारी डावीकडून उजवीकडे नेली. भूकंपापेक्षा त्या एका वाक्यावरच जास्त पत्रं आली. काहींनी स्वीडनमध्ये त्या साली आणखी काय झालं तेही विचारलंय. निवडक पत्रांना उत्तरं देतोय. जिथे एकच शंका तिघा-चौघांनी काढली होती तिथे पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : मी एस.टी.त चालक होतो, आता निवृत्त. साधा एकेरी मार्ग बदलला तरी आठ-पंधरा दिवस लोक चुकीच्या बाजूनं घुसतात. अख्ख्या देशानं एका रात्रीत बाजू बदलली म्हणता, ती कशी? घड्याळ लावून सांगा. (कराड)

घड्याळ लावूनच केलं होतं. दिवस रविवार, ३ सप्टेंबर १९६७. रात्री १ ते सकाळी ६ अत्यावश्यक वाहनं सोडून रस्त्यावर कोणी यायचं नाही. ज्यांना परवानगी होती त्यांनी पहाटे ४ वाजून ५० मिनिटांनी असतील तिथे थांबायचं, मग अगदी हळू गाडी उजव्या कडेला न्यायची आणि पुन्हा थांबायचं. ५ वाजले की उजव्या बाजूने पुढे निघायचं. मधली ती दहा मिनिटं महत्त्वाची. चालत्या गाडीने बाजू बदलायची मुभा दिली असती तर एक जण ४:५८ ला वळला असता आणि समोरचा ५:०२ ला. आधी सगळे थांबले, मग सगळे सरकले, म्हणून टक्कर टळली.

मोठ्या शहरांत बंदी याहून लांब होती. स्टॉकहोम आणि माल्मो इथे शनिवारी सकाळी १० पासून रविवारी दुपारी ३ पर्यंत खासगी वाहनं बंद. आणखी काही शहरांत शनिवारी दुपारी ३ ते रविवारी दुपारी ३. चौकांची मांडणीच बदलायची होती, ते काम पाच तासांत उरकणारं नव्हतं.

आता तुमची खरी शंका. रात्र एकच होती, तयारी मात्र चार वर्षांची. संसदेने १९६३ मध्ये निर्णय घेतला आणि त्यासाठी वेगळा आयोग नेमला. देशभरात सुमारे ३ लाख ६० हजार पाट्या बदलायच्या किंवा हलवायच्या होत्या. त्या आयत्या वेळी कोण रोवत बसणार? स्टॉकहोममध्ये प्रत्येक चौकात नवे खांब आणि नवे सिग्नल आधीच उभे करून काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवले. रस्त्यावरचे जुने पट्टे पिवळे होते. नवे पांढरे पट्टे मारून त्यांवर काळी टेप चिकटवली. त्या रात्री पालिकेचे कामगार आणि लष्कराचे जवान यांनी मुख्यतः काय केलं, तर नव्यावरचं झाकण काढलं आणि जुन्यावर झाकण घातलं. आपल्याकडे आधी मार्ग बदलतो आणि पाटी मागाहून येते. तिथे पाट्या आधी उभ्या होत्या, फक्त वाचता येत नव्हत्या.

रविवार का? वर्दळ कमी म्हणून. सप्टेंबर का? उन्हाळ्याच्या सुट्टीची गर्दी ओसरलेली असते आणि बर्फ अजून पडलेला नसतो. ५ वाजता का? तेव्हा तिथे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करायची पद्धत नव्हती, त्यामुळे सप्टेंबरच्या सुरुवातीला स्टॉकहोममध्ये पाचच्या सुमाराला उजाडायचं. अंधारात बाजू बदलून उजेडात पहिली गाडी हाकायची, असा हिशेब जुळला.

या दिवसाला स्वीडिश लोक ‘डागेन हो’ म्हणतात. त्यांच्या भाषेत उजव्या बाजूच्या रहदारीचा शब्द इंग्रजीतल्या एच या अक्षराने सुरू होतो आणि त्या अक्षराचा स्वीडिश उच्चार ‘हो’ असाच आहे. लोकांनी मात्र आधी ‘नाही’ म्हटलं होतं. ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न : जनमत घेतलं होतं असं वाचलं. लोकांनी विरोध केला असताना सरकारने निर्णय रेटला कसा, आणि एवढा अट्टहास कशासाठी? (सातारा, दोन पत्रं)

जनमत १९५५ च्या ऑक्टोबरात झालं. जवळजवळ ८३ टक्के मतं डावी बाजू कायम ठेवा अशी पडली. मतदान मात्र ५३ टक्क्यांच्या आसपास. स्वीडनमध्ये असं जनमत सल्ल्यापुरतं असतं, सरकारला ते बंधनकारक नसतं. म्हणून आठ वर्षांनी संसदेला उलट ठराव करता आला. कायद्यात बसत होतं. लोकांना रुचलं का, तर नाही. डावी बाजू तिथे १७३४ पासून चालत आलेली होती.

कारणं दोन. पहिलं नकाशात दिसतं. नॉर्वे आणि फिनलंड या शेजाऱ्यांकडे उजवीकडून रहदारी. सीमा लांबलचक, जंगलातले छोटे रस्ते पुष्कळ, आणि सीमा ओलांडली की बाजू बदलायची. मोटारींची संख्या ५ लाखांवरून १५ लाखांवर गेली होती आणि १९७५ पर्यंत २८ लाख होईल असा अंदाज होता. जितका उशीर तितका खर्च वाढणार.

दुसरं कारण चालकाला लगेच कळेल. स्वीडनमध्ये रस्ता डावीकडचा, पण नव्वद टक्क्यांच्या आसपास मोटारींचं स्टिअरिंगही डावीकडे! अमेरिकेतून आलेल्या गाड्या तशाच आणि स्वतः स्वीडनमध्ये बनणाऱ्या गाड्याही तशाच. म्हणजे चालक रस्त्याच्या मधोमध असायच्या ऐवजी गटाराच्या कडेला बसलेला. कल्पना करा, तासगाव-विटा रस्त्यावर तुमच्यापुढे उसाची दुहेरी ट्रॉली चालली आहे. आपल्या गाडीत चालक उजवीकडे असतो. त्याने गाडी जरा मध्याकडे घेऊन मान बाहेर काढली की समोरचं दिसतं. तोच चालक डावीकडे, क्लीनरच्या जागी बसवा. ट्रॉलीपलीकडचं पाहायला त्याला अख्खी गाडी समोरून येणाऱ्याच्या वाटेत काढावी लागेल. तोवर समोरून टेम्पो आला तर परत आत यायला जागा नाही. अरुंद दुपदरी रस्त्यांवर ओव्हरटेक करताना समोरासमोर धडका होण्याचं हे मोठं कारण होतं. लाखो गाड्यांची स्टिअरिंगं बदलण्यापेक्षा रस्त्याची बाजू बदलणं सोपं.

एकूण खर्च सुमारे ६२ कोटी ८० लाख क्रोनर आला.

प्रश्न : आमचं गॅरेज आहे. बाजू बदलली तर हेडलाइटचं काय केलं? बसच्या दरवाज्यांचं काय? (विटा)

आलेल्या पत्रांत मर्माचा प्रश्न हाच.

हेडलाइटचा डिपर सरळ रेषेत प्रकाश टाकत नाही. समोरच्याच्या बाजूला प्रकाशाची वरची कड आडवी कापलेली असते, म्हणजे त्याच्या डोळ्यांवर येत नाही. आपल्या कडेच्या बाजूला ती कड तिरकी वर चढते, म्हणजे कडेने चालणारा माणूस, सायकल, पाटी लांबून दिसते. आपल्याकडे ही चढ डावीकडे असते. गाडी भिंतीसमोर पंधरा-वीस फुटांवर लावून डिपर टाकला की आकार स्पष्ट दिसतो. आता बाजू बदलली आणि दिवे तेच राहिले, तर चढती कड नेमकी समोरच्याच्या डोळ्यांत जाणार आणि आपली कड अंधारात राहणार. गळिताच्या हंगामात रात्री समोरून अप्पर टाकून ट्रक येतो तेव्हा काय होतं ते सांगायला नको.

स्क्रू फिरवून हे दुरुस्त होत नाही. सेटिंगने प्रकाश वर-खाली किंवा आजूबाजूला होतो, चढ डावीकडची उजवीकडे होत नाही. ती काचेतल्या रेषांत आणि आतल्या झडपेत घडवलेली असते. दिवाच बदलावा लागतो. म्हणून स्वीडनमध्ये उजव्या रहदारीचे दिवे आधीच बसवून घेतले आणि काचेच्या बऱ्याच भागावर अपारदर्शक स्टिकर लावला, म्हणजे तोवर डाव्या रहदारीतही तो दिवा चालून जावा. त्या दिवशी स्टिकर खरवडून काढला की काम झालं. घाईचं एक कारणही इथेच होतं. तेव्हा बहुतेक गाड्यांना ठरावीक मापाचे गोल आणि स्वस्त दिवे असत, कोणत्याही दुकानात मिळणारे. युरोपात प्रत्येक मॉडेलला वेगळ्या आकाराचा दिवा यायला लागला होता. आणखी दहा वर्षं थांबले असते तर हाच बदल कितीतरी महाग पडला असता.

बसचं दुखणं दरवाज्याचं. डाव्या रहदारीच्या बसचा दरवाजा डावीकडे, फुटपाथच्या बाजूला. रहदारी उजवीकडे गेली की तोच दरवाजा भर रस्त्यात उघडणार आणि म्हातारी माणसं वाहत्या रहदारीत उतरणार. हजाराहून जास्त नव्या बस उजव्या दरवाज्याच्या घेतल्या. सुमारे ८ हजार जुन्या बसना दुसऱ्या बाजूलाही दरवाजा पाडला. ज्या बस बदलणं परवडणारं नव्हतं त्यांतल्या काही पाकिस्तान आणि केनिया या डाव्या रहदारीच्या देशांत गेल्या. बसचा पत्रा कापून दरवाजा पाडणं म्हणजे नुसतं भोक पाडणं नसतं, हे तुम्हाला सांगायला नको. तिथला खांब काढला की बॉडीचा ताण दुसरीकडे जातो, म्हणून चौकट पुन्हा बांधावी लागते, आणि आतल्या सीटही कमी होतात.

प्रश्न : रेल्वेनेही बाजू बदलली का? (मिरज)

नाही. स्वीडनमध्ये दुहेरी मार्गावर गाड्या आजही डावीकडून धावतात, आपल्यासारख्याच. स्टॉकहोमची मेट्रोही डावीकडून. रेल्वेचा रूळ रस्त्यावरच्या कोणाशी वाटून घ्यायचा नसतो. उलट सिग्नल, सांधे, फलाट सगळं एका दिशेसाठी बांधलेलं असतं. बदलून फायदा शून्य, खर्च अफाट. डेन्मार्कमध्ये मात्र गाड्या उजवीकडून धावतात, म्हणून दोन देशांमधल्या मार्गावर माल्मोच्या परिसरात गाड्या बाजू बदलतात.

ट्रामची कथा वेगळी, कारण ट्राम रस्त्यातच चालते. तिचे दरवाजे एकाच बाजूला, थांबे त्या बाजूला, वळणावरचे रूळही त्याच हिशेबाने. स्टॉकहोमने शहराच्या मध्यभागातल्या ट्राम बंद केल्या आणि बस आणल्या. हेलसिंगबोरीच्या ट्राम आणि माल्मोच्या बहुतेक ट्रामही गेल्या. योटेबोरी आणि नॉरशॉपिंग या शहरांनी पैसे खर्चून ठेवल्या. त्यांच्या ट्राम आजही धावतात.

प्रश्न : अपघात किती वाढले? पहिल्या आठवड्यात हाहाकार उडाला असणार. (तासगाव, पलूस, सांगली)

तिन्ही पत्रांचा अंदाज एकच आहे आणि तिन्ही चुकले.

बदलानंतरच्या पहिल्या सोमवारी देशभरात १२५ अपघातांची नोंद झाली, त्यांत एकही मृत्यू नाही. आधीच्या सोमवारी हा आकडा १३० ते १९८ च्या दरम्यान असायचा. वाहनविम्याचे दावे सुरुवातीला सुमारे ४० टक्क्यांनी घटले. १९६६ मध्ये रस्त्यांवर १,३१३ माणसं मेली होती. १९६७ मध्ये १,०७७.

म्हणून उजवी बाजू जास्त सुरक्षित असा निष्कर्ष काढू नका. लोक घाबरले होते म्हणून जपून चालवत होते. वेगमर्यादा मुद्दाम खाली आणल्या होत्या, चौकाचौकांत पोलीस, जवान आणि स्वयंसेवक उभे होते. चालकाला प्रत्येक वळणावर विचार करावा लागत होता, आणि विचार करणारा चालक धडकत नाही. विम्याचे दावे साधारण सहा आठवड्यांत पूर्वीसारखे झाले आणि १९६९ पर्यंत अपघातांचं प्रमाणही मूळ पातळीवर आलं. सवय लागली आणि बेफिकिरी परतली. रस्त्यावर नवं काही केलं की पहिले काही महिने अपघात घटतात, म्हणून नव्या उपायाचा गुण पहिल्या महिन्याच्या आकड्यांवरून ठरवू नये. आपल्याकडेही गतिरोधक, दुभाजक, कॅमेरे यांच्या बातम्या वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

त्या सकाळचं स्टॉकहोममधल्या कुंग्सगाटान रस्त्याचं एक छायाचित्र जगभर फिरतं. गाड्या वेड्यावाकड्या अडकलेल्या, मध्येच माणसं. ते पाहून सगळा देश असा कोलमडला असं वाटतं. तो एका रस्त्यावरचा काही वेळचा खोळंबा होता.

प्रचारही दांडगा होता, तो इथेच सांगून टाकतो. घरोघरी पुस्तिका, दुधाच्या पुड्यांवर त्या दिवसाचं चिन्ह, गाण्यांची स्पर्धा. हे चिन्ह बायकांच्या अंतर्वस्त्रांवरसुद्धा छापलं होतं!

प्रश्न : स्वीडनमध्ये मुख्यमंत्री असो की मुख्याध्यापक, सगळ्यांना अरेतुरे करतात असं ऐकलं. हे खरं का, आणि हेही १९६७ चंच का? (वाई, मराठीच्या शिक्षिका)

खरं आहे. आणि गंमत म्हणजे निमित्त १९६७ चंच.

आधी जुनी पद्धत समजून घ्या, म्हणजे बदल किती मोठा होता ते कळेल. स्वीडिशमध्ये ‘दु’ म्हणजे तू आणि ‘नी’ म्हणजे तुम्ही. आपल्याला वाटेल, मग मोठ्यांना ‘नी’ म्हणत असतील. तसं नव्हतं. ज्याला काही हुद्दा नाही अशा माणसाला ‘नी’ म्हणत, त्यामुळे वरच्याला ‘नी’ म्हणणं उद्धटपणा ठरायचा. मग वरच्याशी बोलायचं कसं? हुद्दा घेऊन, तृतीयपुरुषी. समोर बसलेल्या डॉक्टरलाच विचारायचं, “डॉक्टर कॉफी घेतील का?” प्राध्यापकाच्या बायकोला ‘प्राध्यापकीणबाई’. आपल्या मास्तरीणबाई आणि पाटलीणबाई आठवतील.

अडचण अनोळखी माणसाशी बोलताना यायची. याचा हुद्दा काय? चुकला तर अपमान. त्यावर लोकांनी काढलेली पळवाट मराठी शिक्षकाला फार ओळखीची वाटेल. वाक्यातून समोरचा माणूसच काढून टाकायचा. “कॉफी प्यायची आहे का?” असं कर्त्याविना विचारायचं. आपणही हेच करतो. ज्याला तू म्हणावं की तुम्ही ते ठरत नाही, अशा वयाने लहान पण हुद्द्याने मोठ्या पाहुण्याला आपण विचारतो, “काय, कुणीकडं?”, “जेवण झालं का?”, “च्या घ्यायचा ना?” एकाही वाक्यात तू नाही की तुम्ही नाही. आणि “साहेबांचं जेवण झालं का?” असं साहेबांच्याच तोंडावर विचारणं तर अजून जिवंत आहे.

तर जुलै १९६७ मध्ये ब्रोर रेक्सेड हे स्वीडनच्या वैद्यकीय मंडळाचे प्रमुख म्हणून रुजू झाले. पहिल्या दिवशी कर्मचाऱ्यांसमोर बोलताना त्यांनी सांगून टाकलं, की आपण सगळ्यांना ‘दु’ म्हणणार. वरिष्ठाने स्वतः तसं जाहीर करणं ही बातमी ठरली, आणि त्या भाषणाला ‘दु-सुधारणेची’ सुरुवात मानतात. बदल त्या एका भाषणाने झाला असं मात्र नाही. कचेऱ्यांत आणि वर्तमानपत्रांत तो साठच्या दशकात आधीच मुरत होता. रेक्सेड यांनी उघड बोलून दाखवलं इतकंच. दोन वर्षांनी पंतप्रधान झालेले उलोफ पाल्मे पत्रकारांशीही ‘दु’ने बोलत. काही वर्षांत दुकान, शाळा, दवाखाना सगळीकडे ‘दु’ झालं. राजघराणं तेवढं अपवाद. राजाशी अजून ‘राजे’ असं तृतीयपुरुषीच बोलायची रीत आहे.

रस्त्याची बाजू बदलायला साडेतीन लाखांवर पाट्या, लष्कर आणि कोट्यवधी क्रोनर लागले. बोलण्याची पद्धत बदलायला कायदा नाही, आयोग नाही, खर्चही नाही. आणि पाल्मे हे १९६७ मध्ये त्या रस्त्याच्या बदलाचे खातेमंत्रीही होते.

तुमच्या वर्गात हा विषय काढणार असाल तर एक जपा. ‘दु’ला ‘अरेतुरे’ म्हणू नका. अरेतुरे शब्दात मानहानी आहे. आपण आईला, आजीला आणि विठोबाला जे ‘तू’ म्हणतो, त्याच्या जवळ जाणारं ते आहे.

प्रश्न : शरीररचनाशास्त्रात मज्जारज्जूचे ‘रेक्सेड थर’ शिकतो. हेच का ते? (मिरज, वैद्यकीय विद्यार्थी)

हेच. त्यांनी १९५० च्या दशकात मांजराच्या मज्जारज्जूचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यातल्या करड्या भागाचे पेशींच्या ठेवणीनुसार दहा विभाग पाडले. तुम्ही पाठ करता ते तेच रोमन आकड्यांचे.

वैद्यकातलीच आणखी एक नोंद. १९६७ चं नोबेल डोळा पाहतो कसा या संशोधनाला मिळालं. तिघा मानकऱ्यांपैकी राग्नार ग्रानीट हे फिनलंडमध्ये जन्मलेले पण स्वीडनमध्ये काम करणारे. इतर दोघे, हार्टलाइन आणि वॉल्ड, अमेरिकन.

प्रश्न : पहिलं एटीएम लंडनचं की स्वीडनचं? आमच्या बँकेत पैज लागली आहे. (सांगली)

लंडनवाल्यांनी जिंकली. तिथल्या एनफिल्ड भागात २७ जून १९६७ ला बँकेचं पैसे देणारं यंत्र सुरू झालं. स्वीडनमधल्या उप्साला इथल्या बचत बँकेचं यंत्र ६ जुलैला, म्हणजे नऊ दिवसांनी. पण ती नक्कल नव्हती. दोन्हीकडे वेगवेगळ्या कंपन्यांनी आपापली यंत्रं बनवली होती. स्वीडनमध्ये एटीएमला आजही त्या वेळच्याच ‘बांकोमाट’ या नावाने ओळखतात.

प्रश्न : आम्ही द्राक्षबागेत सामू (पीएच) खाली आणायला मुद्दाम गंधक टाकतो. स्वीडनमध्ये त्याच गंधकाने तळी मेली असं वाचलं. हे कसं? (पलूस)

हेही १९६७ चंच. त्या वर्षी ऑक्टोबरात स्वान्ते ओदेन या मृदाशास्त्रज्ञाने स्टॉकहोमच्या ‘डागेन्स न्युहेटर’ दैनिकात लेख लिहून सांगितलं, की स्वीडनच्या पावसात आम्ल आहे आणि त्यातलं बरंचसं ब्रिटन आणि मध्य युरोपातल्या धुराड्यांतून येतं.

रसायन तुमच्या बागेतलंच. तुम्ही टाकलेल्या गंधकाचं जमिनीतले जिवाणू सल्फ्युरिक आम्ल करतात. तिकडे कोळसा आणि तेलातलं गंधक जळून वायू होतो आणि ढगातल्या पाण्यात त्याचं तेच आम्ल होतं. फरक जमिनीचा. कृष्णाकाठच्या काळ्या रानात चुनखडी असते. कुदळ मारली की पांढरे खडे लागतात ना, तेच. ते आम्ल जागेवर मारतात, म्हणून तर सामू पाव-अर्ध्याने खाली आणायला तुम्हाला पोत्यांनी गंधक लागतं. दक्षिण स्वीडनमध्ये खाली ग्रॅनाइट आणि वर मातीचा पातळ थर. चुना जवळजवळ नाहीच. पडलेलं आम्ल सरळ तळ्यात.

स्वच्छ पावसाचा सामूही हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे ५.६ च्या आसपास असतो, ७ नाही. सामू एकाने उतरला की आम्लता दहापट होते, हे ध्यानात ठेवा. तळ्याचा सामू ५ कडे गेला की मातीतलं अॅल्युमिनियम सुटून पाण्यात येतं आणि माशांच्या कल्ल्यांवर बसतं. मासे गुदमरतात. सगळ्यात वाईट वेळ वसंतात, कारण हिवाळाभर बर्फात साठलेलं आम्ल बर्फ वितळताना काही दिवसांत एकदम तळ्यात उतरतं. नेमक्या त्याच वेळी अंडी आणि पिल्लं असतात. पुढे तिथे होड्यांतून आणि हेलिकॉप्टरमधून चुनखडीची पूड तळ्यांत टाकायला लागले. पाणी वाहून गेलं की चुनाही जातो, त्यामुळे दर काही वर्षांनी पुन्हा टाकावा लागतो.

पर्यावरणासाठी स्वतंत्र सरकारी खातंही स्वीडनने १९६७ मध्येच उभं केलं. शेजाऱ्याचा धूर आपल्या अंगणात येतो, हे भांडण एकट्याने सुटणारं नव्हतं. स्वीडनच्याच पुढाकाराने जून १९७२ मध्ये स्टॉकहोमला संयुक्त राष्ट्रांची पर्यावरण परिषद भरली. तिला इंदिरा गांधी गेल्या होत्या.

प्रश्न : भारतानेही उजवीकडे जावं का? (कोरेगाव)

कशाला? पाकिस्तान, नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका सगळे डावीकडून. आपलं स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे चालक मध्यरेषेजवळ. स्वीडनची दोन्ही दुखणी आपल्याला नाहीत. म्यानमारने १९७० मध्ये बाजू बदलली, पण गाड्या बहुतांशी उजव्या स्टिअरिंगच्याच राहिल्या, म्हणजे स्वीडनचा जुना आजार त्यांनी आरशात पाहावा तसा उलटा ओढवून घेतला. आइसलंडने मात्र २६ मे १९६८ ला स्वीडनच्या पावलावर पाऊल टाकून नीट बदल केला.

प्रश्न : मुलगा योटेबोरीला आहे. आम्ही दोघं उन्हाळ्यात जातोय, तिथे गाडीही चालवणार. कशाची काळजी घ्यावी? (फलटण)

आधी पायी. आपली मान सवयीने आधी उजवीकडे वळते. तिथे जवळची गाडी डावीकडून येते, म्हणून आधी डावीकडे पाहा. योटेबोरीत ट्रामचे रूळ ओलांडताना दोन्हीकडे पाहा. ट्राम आवाज न करता येते आणि चटकन थांबत नाही.

गाडीत क्लच, ब्रेक, अॅक्सिलरेटर यांचा क्रम तोच. गिअर उजव्या हाताने, पण पहिला गिअर तिथेही डावीकडे वरच. गोंधळ होतो तो इंडिकेटरचा. आपल्याकडच्या मारुतीसारख्या बहुतेक गाड्यांत तो स्टिअरिंगच्या उजवीकडे असतो, तिथे डावीकडे. वळताना वायपर सुरू झाला तर घाबरू नका, पहिल्या दिवशी सगळ्यांचं होतं. गोल चौकात घड्याळाच्या उलट दिशेने फिरायचं. पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग त्याचा रस्ता लहान का असेना. दिवसाही दिवे लावूनच गाडी चालवायची, १९७७ पासून तो नियमच आहे. रक्तातल्या दारूची मर्यादा आपल्यापेक्षाही कडक. संध्याकाळी जंगलाच्या रस्त्यावर एल्क नावाचं मोठं हरीण आडवं येतं. ते म्हशीएवढं, पण पाय लांब, त्यामुळे धडक बसली की धड सरळ काचेवर येतं. रस्त्याकडेचं कुंपण संपलं की वेग कमी करा.

चूक भर गर्दीत होत नाही. गर्दीत पुढच्याच्या मागे माणूस आपोआप बरोबर जातो. चूक होते सकाळी लवकर, पेट्रोल पंपातून किंवा पार्किंगमधून डावीकडे वळून रिकाम्या रस्त्याला लागताना. तेव्हा हात जुन्या सवयीने जवळच्या कडेला नेतो. त्यावर एकच खूण धरा : आपल्या खांद्याच्या बाजूला रस्त्याची मधली रेषा हवी. फलटणला ती उजव्या खांद्याशी असते, तिथे डाव्या. खांद्याशी फुटपाथ दिसला की तुम्ही चुकीच्या बाजूला आहात.